करवीरचा चित्रपट आणि मिस्त्रीचा हात

स्मरणिकेच्या यंदाच्या अंकासाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक झालो, प्राथमिक शाळेत मास्तरकी पत्करली, छत्तीस वर्षे फळ्यावर खडू झिजविला आणि सेवानिवृत्त झालो, एवढीच आमची विद्या. परंतु मंडळाच्या शब्दास मान देणे प्राप्त होते. शिवाय एक विषय बरीच वर्षे आमच्या मनात सलत होता. तो विषय म्हणजे आपल्या करवीर नगरीतील चित्रपटाचा आरंभ. तो का सलत होता, हे लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानी येईलच.

आज कोल्हापूर हे महानगरपालिकेचे शहर आहे. परंतु ज्या काळाची हकीकत आम्ही सांगणार आहोत, त्या काळी ते लहानसेच गाव होते. १९०१ च्या शिरगणतीत त्याची वस्ती सुमारे ५४ हजार होती. तालीम, तमाशा, भजन आणि संगीत नाटक ही गावाची करमणूक. शाहू छत्रपतींचे राज्य होते आणि मल्लाला व गवयाला सारख्याच ममतेने आश्रय देणारा तो राजा होता. खासबागेच्या कुस्ती मैदानाशेजारी पॅलेस थिएटर उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. अशा या गावात मेस्त्री घराण्यात ३ जून १८९० रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जगाने त्यांस पुढे बाबूराव पेंटर या नावाने ओळखले.

आपला समाज हत्यारावर पोट भरणारा. रंधा, पटाशी, वाकस आणि गुण्या हीच आपली वडिलोपार्जित दौलत. म्हणून मेस्त्री हे आडनाव ऐकताच आपल्या मंडळींची छाती फुगते, हे स्वाभाविक आहे. आमचीही फुगते. पण तो अभिमान कशाचा असावा, याचा विचार या लेखात करावा असा आमचा मानस आहे.

बाबूराव आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव हे दोघे प्रथम नाटकांचे पडदे रंगवीत. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम हिंदुस्थानात पडदे रंगविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रगण्य होते. संगीत नाटक मंडळ्या आणि पारशी-गुजराती कंपन्या त्यांच्याकडून पडदे करून घेत. पडद्यावरचा राजवाडा पाहून प्रेक्षकाला खांबामागून कोणी बाहेर येईल असे वाटावे, इतकी त्यांच्या कुंचल्यात शक्ती होती. येथपर्यंत ही दोन गुणी चित्रकारांची कथा आहे. तिला वळण लागले ते दादासाहेब फाळक्यांमुळे.

फाळके १९१२ साली विलायतेस जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले. त्यांनी निर्माण केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. त्या चित्रपटाने या दोघा बंधूंना वेड लावले. जो राजवाडा आपण कापडावर रंगवितो, त्यात माणसे हिंडतीफिरती दाखविता येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दोघे प्रथम चित्रपट दाखविण्याच्या व्यवसायात पडले आणि त्याच वेळी स्वतःचा कॅमेरा तयार करण्याच्या खटपटीस लागले. विलायतेस जाण्याइतका पैसा नव्हता. हात मात्र होते.

येथे आम्ही वाचकांस क्षणभर आमच्या वर्गात बसवू इच्छितो. कॅमेरा घरी तयार करणे म्हणजे काय, हे ध्यानी आल्यावाचून या कामाची थोरवी कळणार नाही.

चित्रपटाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची. तिच्या एका फुटात १६ चित्रे बसतात, म्हणजे एका चित्राची उंची सुमारे १९ मिलिमीटर भरते. मूकपटाच्या काळी साधारणपणे सेकंदाला १६ चित्रे घेत. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावयाचा. एका फेऱ्यास ८ चित्रे, म्हणून सेकंदाला दोन फेरे, आणि तेही एकाच लयीत. परंतु फिल्म ओढ्याच्या पाण्याप्रमाणे नुसती वाहती ठेवून चालत नाही. तशी ठेवली तर सारेच चित्र पुसट येईल. ती १९ मिलिमीटर पुढे सरकली पाहिजे, पूर्ण थांबली पाहिजे, त्या क्षणी भिंगासमोरची झडप उघडून मिटली पाहिजे आणि मग फिल्म पुन्हा सरकली पाहिजे. हे सर्व सेकंदात सोळा वेळा. हे काम एक लहानसा आकडा करतो. तो फिल्मच्या कडेच्या छिद्रात शिरतो, तिला खाली ओढतो, बाहेर पडतो आणि पुन्हा वर जातो. प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रे. एका तासाच्या चित्रपटात ५७,६०० चित्रे आणि ४,६०,८०० छिद्रे होतात. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार ताडून पाहावा.

आता समजा, त्या आकड्याची चाल पाव मिलिमीटरने चुकली. पाव मिलिमीटर म्हणजे काय ते आपल्या रंध्याला ठाऊक आहे. लाकडात ती चूक लांबीने भरून निघते. परंतु बारा फुटी पडद्यावर फिल्ममधील चित्र सुमारे दीडशे पट मोठे होते. पाव मिलिमीटरची चूक तेथे पावणेचार सेंटिमीटरचा हिसका होऊन बसते. द्रौपदी उभ्या जागी थरथरू लागते आणि प्रेक्षक हसू लागतात. इतके अचूक यंत्र घरी कानस घासून उभे करावयाचे, ते त्या काळच्या कोल्हापुरात!

या खटपटीतच १९१६ साली आनंदराव निवर्तले. एक हात गळून पडावा तसे झाले असले पाहिजे. परंतु बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य. त्यांना बरोबर घेऊन त्यांनी खटपट पुढे चालविली आणि १९१८ साली चालता कॅमेरा सिद्ध केला. देशी माणसाच्या हातचा पहिला कॅमेरा म्हणून त्याचा गौरव होतो. पुढे तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. खरी कॉर्नरपाशी आज जो कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो, तो त्या कंपनीचे स्मारक होय. आपल्यापैकी कितीजण त्याकडे मान वर करून पाहतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. तो १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की त्यास सरकारी कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन गौरविले. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले. मिस्त्रीच्या कामाला त्या थोर पुरुषाने दिलेली ही पावती आम्हांस फार मोलाची वाटते.

'सैरंध्री'तील स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघीजणी, पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी आल्या. चित्रपटात काम करणे म्हणजे कुळाला बट्टा, असे मानण्याचा तो काळ. नाटकातून स्त्रीपात्रे पुरुषच करीत. बालगंधर्वांची कीर्ती त्याच भूमिकांवर उभी होती. अशा वेळी या दोघींनी लोकापवाद सोसून कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य दाखविले. आपल्या समाजाच्या सभांतून कर्त्या पुरुषांचा उल्लेख होतो. या दोघी आपल्या नात्यातल्या नव्हेत, तरी त्यांचा उल्लेख येथे झाला नाही तर हा इतिहास अर्धाच राहील.

बाबूरावांनी आणखी काय केले ते थोडक्यात सांगतो. चित्रपटात त्या वेळी मागे रंगविलेला पडदा लावण्याची रीत होती. स्वतः पडदे रंगवूनच नाव मिळविलेल्या या माणसाने ती रीत मोडली आणि लाकूडकामाची, भरीव, आत माणूस वावरू शकेल अशी घरे व वाडे उभारले. आपल्याच हातच्या कलेला असा रजा देणारा कलावंत विरळा. 'सिंहगड' (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. प्रत्येक दृश्याची, वेशाची व हालचालीची चित्रे ते आधी कागदावर काढीत. १९२१-२२ च्या सुमारास चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका छापून विकण्याची प्रथा त्यांनीच पाडली. जाहिरातीची भित्तिचित्रे ते स्वहस्ते रंगवीत. 'कल्याण खजिना' (१९२४) चे भित्तिचित्र हे आपल्या देशातील उपलब्ध चित्रपट-भित्तिचित्रांत अगदी जुने मानले जाते.

आणि मग १९२५ चा 'सावकारी पाश'. देवदेवता व राजेरजवाडे यांच्या कथांवर सारा धंदा चालला असता बाबूरावांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवरून साध्या कुणब्याची गोष्ट सांगितली. सावकाराच्या कपटाने जमीन जाते आणि तो बापडा शहरात गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे नावाच्या कोल्हापुरी तरुणाने केली. हेच पुढे व्ही. शांताराम म्हणून विख्यात झाले. चित्रपटास पैसा फारसा मिळाला नाही. परंतु आपल्या चित्रपटसृष्टीत वास्तवाचा पाया तेथे घातला गेला, असे जाणकार म्हणतात.

या कंपनीत माणसे कोण कोण होती, तेही पाहण्यासारखे आहे. विष्णुपंत दामले हे ब्राह्मण. शेख फत्तेलाल, ज्यांस सारे साहेबमामा म्हणत, ते मुसलमान. शिवाय शांताराम आणि केशवराव धायबर. रंग कालविताना, कॅमेरा दुरुस्त करताना, लाकूड तासताना कोण कोणाच्या घरी जेवतो हे विचारण्यास कोणास सवड नव्हती. बाबूरावांनी आपले पिढीजात आडनाव बाजूस ठेवून धंद्याचे नाव लावले. पेंटर! पडदा रंगविणारा! त्यात लाज नव्हती, मिजासही नव्हती. मनुष्य आपल्या कामाच्या नावाने ओळखला जावा, यापरता मोठा मान कोणता?

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या आधाराने त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला हिंदुस्थानी बोलपट झळकला. पुढल्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला, तो आपल्या कोल्हापुरातच तयार झाला होता. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली. तेथे दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' (१९३६) निर्मिला. तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. ज्या हातांनी करवीरात कानस घासली, त्यांतलेच एक जोडपे हात येथे होते. प्रभातच्या त्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था काढली. मूकपटांची महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र बोलपटांच्या लाटेत अस्तास गेली. बाबूरावांनी पुढे 'उषा' (१९३५) व बोलका 'सावकारी पाश' (१९३६) असे चित्रपट केले, चित्रे काढली, शिल्पे घडविली. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता या सर्व उद्योगातून उरले काय? येथून पुढचे लिहिताना लेखणी जड होते. आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम तीस आज पूर्ण वा तुकड्यांच्या रूपाने शिल्लक आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'मुरलीवाला' व 'सती सावित्री' यांसारख्या थोड्या मूकपटांचे अवशेष पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले आहेत. 'सैरंध्री' गेला. 'सिंहगड' गेला. मूक 'सावकारी पाश' गेला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ठिणगीसरशी पेट घेणारी. जी आगीतून वाचे तिला उष्णतेने चिकटून भुगा होण्याचे भय. आणि यांतूनही निभावली तर तिच्या लेपात चांदी असते म्हणून ती मोडीत काढली जाई. चांदी निघाली की द्रौपदीही गेली आणि कीचकही गेला.

आगीने तर आपल्या गावाच्या कलेवर जणू डूखच धरला आहे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला. भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी त्या थोर नटाची जयंती होती. आम्ही सकाळी तेथे गेलो. म्हातारी माणसे रस्त्यावर उभी राहून डोळे पुशीत होती. गावातील कित्येक जुनी चित्रपटगृहे तर आगीवाचूनच मिटली. व्हीनस कॉर्नर म्हणून पत्ता सांगणाऱ्या मुलांस व्हीनस हे चित्रपटगृहाचे नाव, हे ठाऊकही नसते.

परंतु आगीला आणि काळाला बोल लावून आम्ही स्वतः सुटू इच्छित नाही. आमचे वडील सुतारकाम करीत. सतराव्या वर्षी ते कोल्हापुरातील एका स्टुडिओत लागले आणि तेथे त्यांनी पुष्कळ वर्षे नेपथ्याचे काम केले. चित्रीकरण चालू असताना हातोडी बंद ठेवावी लागे. दाराला कुरकुर असता कामा नये, कारण ध्वनियंत्र ती पकडी. म्हणून ते बिजागरीला मेण लावीत आणि कानाशी धरून दार हलवून पाहात. घरचे दार मात्र आयुष्यभर कुरकुरत राहिले! त्यांचे वस्ताद लहानपणी महाराष्ट्र फिल्म कंपनीत होते. त्या वस्तादांनी दिलेल्या जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका आणि वाड्यांची, महिरपींची मापे लिहिलेली एक वही वडिलांनी एका पत्र्याच्या पेटीत जपली होती. मापे इंचात नव्हती, वितीत व बोटांत होती. कडेला पेन्सिलीची चित्रे होती.

१९९१ साली वडील वारले. तीन वर्षांनी घरात लग्नकार्य निघाले, घराला रंग द्यावयाचा होता. आम्ही ती पेटी रिकामी करून कागद रद्दीवाल्यास तोलून दिले. साडेतीन किलो भरले. त्या वेळी आम्ही शाळेत चौथीला इतिहास शिकवीत होतो. लढायांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेत होतो. आणि घरात जो इतिहास होता तो तागडीत घालून मोकळे झालो. बाबूरावांच्या पहिल्या पुस्तिकांपैकी एखादी त्यांत असती तर आज तिचे मोल काय झाले असते, हा विचार आमच्या मनात रोज येतो. त्याहून त्या वहीचा येतो. पुस्तिकेच्या चार प्रती कोठे तरी असतील. वही एकच होती.

म्हणून अभिमान कशाचा, या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या अनुभवावरून देतो. बाबूराव आपले, म्हणून जयंतीस तसबिरीला हार घालणे सोपे आहे. परंतु ज्याने आडनाव सोडून कामाचे नाव लावले, त्याला आडनावाने परत आपल्या घरात ओढणे हा त्याचा सन्मान नव्हे. न पाहिलेले यंत्र खोलावे, समजून घ्यावे, स्वतःच्या हाताने करून पाहावे, बंधू गेला तरी हातचे काम टाकू नये, आणि शिष्य कोणत्या घरचा हे न पाहता आपली विद्या त्याच्या हाती द्यावी. एवढे घेतले तर तो आपला.

समाजाच्या कार्यालयात एक काचेचे कपाट बरीच वर्षे रिकामे आहे. त्यात आजवर मिळालेले करंडक ठेवावेत, असा ठराव झाला होता. आमची नम्र सूचना अशी की, त्यातले दोन कप्पे आपल्या जुन्या कारागिरांच्या वह्यांना, नकाशांना, हत्यारांना आणि अशा पुस्तिकांना द्यावेत. कोणाच्या माळ्यावर पेटी असेल तर ती रंगकामापूर्वी उघडून पाहावी. वाचता येत नसेल तर आम्हांस बोलवावे. गुडघे दुखत असले तरी जिना चढून आम्ही येऊ.

वडिलांचा गुण्या तेवढा आमच्याजवळ उरला आहे. तो अजून काटकोनात आहे, आम्ही परवाच ताडून पाहिला. वार्षिक सभेच्या दिवशी तो त्या कपाटात ठेवण्यासाठी आम्ही घेऊन येणार आहोत.